पोकलेन मध्येच "कम्युनिकेशन एरर" देतंय – कंट्रोलर बदलण्याआधी काय तपासावं?

घाटरस्ता

नमस्कार मंडळी. संगमेश्वर भागात रस्त्याच्या कामावर आमचं २० टनी पोकलेन आहे, पुढे ब्रेकर लावलेला. पावसाळा सरल्यापासून एक दुखणं मागे लागलंय. चालू कामात मॉनिटरवर कम्युनिकेशन एरर येते, इंजिनचे आरपीएम आपोआप उतरतात, हायड्रॉलिक मंद होतं. चावी बंद करून परत फिरवली की मशीन पूर्ववत. एखादा दिवस काहीच होत नाही, एखाद्या दिवशी तासाभरात दोन-तीनदा.

सर्व्हिसवाले कोड काढून गेले. त्यांचं म्हणणं, इंजिन कंट्रोलरचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) संपर्क तुटतोय, कंट्रोलर बदला. कोटेशन लाखाच्या वर आहे आणि बदलल्यावर दोष जाईलच अशी हमी द्यायला कोणी तयार नाही. मशीन उभं राहिलं तरी हप्ता, ऑपरेटरचा पगार चालूच. आमच्याकडे बरा मल्टिमीटर आहे, गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन हाताचा चांगला आहे, पण कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. एवढ्या सामग्रीत काय तपासता येईल?

हार्नेस_काका

कंट्रोलर अजिबात मागवू नका. निदान आधी लाईन मोजल्याशिवाय तरी नाही. मी आयुष्यभर हेच काम केलं, आता निवृत्त आहे. संपर्काच्या दोषात बदललेले बरेच कंट्रोलर मुळात चांगले असतात. वायर, कपलर (वायरी जोडणारं सॉकेट), अर्थिंग आणि सप्लाय, दुखणं बहुतेक वेळा या चारांत सापडतं. शिवाय नवा कंट्रोलर म्हणजे नुसता बसवला आणि झालं असं नसतं. त्यात त्या मशिनचा प्रोग्रॅम, सिरियल नंबर, इंजेक्टरचे आकडे भरावे लागतात. तिथे गडबड झाली तर एका दोषाचे दोन होतात.

आधी मला सांगा, सर्व्हिसवाल्यांनी कोड फक्त इंजिनचे काढले की सगळ्या कंट्रोलरचे? तुमच्या मशिनमध्ये इंजिन, पंप आणि मॉनिटर असे किमान तिघे एकाच दोन वायरच्या लाईनवर बोलत असतात. या लाईनला कॅन म्हणतात, एक वायर हाय आणि एक लो. कोडवरून तक्रार कोणी केली एवढं कळतं, दोष कुठे आहे ते कळत नाही. इंजिन गप्प झालं तर ओरड मॉनिटर आणि पंप कंट्रोलर करणार. म्हणून सगळ्यांच्या तक्रारी शेजारी शेजारी मांडायच्या. दोघेही एकाच तिसऱ्याबद्दल तक्रार करत असतील तर तो तिसरा, त्याचा सप्लाय किंवा मुख्य लाईनवरून त्याच्याकडे जाणारी फांदी तपासायची. एकटा मॉनिटरच तक्रार करत असेल तर मॉनिटरचा कपलर. आणि सगळेच एकमेकांबद्दल तक्रार करत असतील तर मुख्य लाईन.

घाटरस्ता

काका, धन्यवाद. त्यांनी ठेवलेल्या कागदावर बघितलं. मॉनिटर म्हणतो इंजिन सापडत नाही, पंप कंट्रोलर म्हणतो इंजिन सापडत नाही, आणि इंजिन म्हणतंय पंप कंट्रोलरकडून आरपीएमचा हुकूम येत नाही. एका ओळीत एसपीएन ६३९, एफएमआय ९ असंही आहे.

हार्नेस_काका

म्हणजे इंजिन कंट्रोलर जिवंत आहे! तो स्वतः तक्रार नोंदवतोय. सप्लाय गेलेला किंवा मेलेला कंट्रोलर तक्रार कसली नोंदवणार? एसपीएन सांगतो तक्रार कशाची, एफएमआय सांगतो कशा प्रकारची. एसपीएन ६३९ म्हणजे जे-१९३९ ची, म्हणजे अवजड मशिनमधल्या कॅनची, लाईनच, आणि एफएमआय ९ म्हणजे ज्या वेगाने माहिती यायला हवी त्या वेगाने ती येत नाहीये. मला मुख्य लाईनचा संशय आहे.

आता मोजमाप. ब्रेकर जमिनीवर टेकवा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, कट-ऑफ (बॅटरीचा मुख्य स्विच) बंद करा आणि चार-पाच मिनिटं थांबा, कारण काही कंट्रोलर चावी काढल्यावरही थोडा वेळ जागे असतात. मग डायग्नोस्टिक सॉकेटवर कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये ओहम मोजा. नऊ पिनच्या गोल सॉकेटवर जे-१९३९ प्रमाणे ही जोडी सी आणि डी पिनवर असते. पण कॅटरपिलरच्या बऱ्याच मशिनवर ती एफ आणि जी वर मिळते, तेव्हा आपल्या मशिनचा वायरिंग डायग्राम बघूनच पिन धरा.

लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर म्हणून वाचन ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे किंवा लाईन मध्येच तुटली आहे. या दोन्हींत वाचन सारखंच येतं, म्हणून बघायचं की इंजिन कंट्रोलरच्या कपलरवर किती येतं आणि कोणाशी कोणाचं बोलणं चालू आहे. शून्याजवळ आलं तर हाय आणि लो एकमेकांना चिकटलेत. हजारोंमध्ये आलं तर दोन्ही रेझिस्टर गेलेत, किंवा सॉकेटपर्यंत येणारी फांदीच तुटली आहे.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

सर, मध्येच विचारतो. दोनच वायरवर इतके कंट्रोलर एका वेळी कसे बोलतात? आणि दोन वायर कशाला, एक आणि बॉडी अर्थ का चालत नाही?

हार्नेस_काका

चांगला प्रश्न. बॉशने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉईटच्या परिषदेत कॅन जगासमोर आणलं. पुढे १९९३ मध्ये त्याचं आयएसओ ११८९८ हे मानक झालं. अवजड वाहनं आणि मशिन यांच्यासाठी त्यावरच जे-१९३९ उभं आहे, वेग साधारण सेकंदाला २५० किलोबिट, नव्यांत ५००.

लाईन शांत असताना हाय आणि लो दोन्ही अडीच व्होल्टला बसलेल्या असतात. कोणी बोललं की हाय साडेतीनकडे वर जाते, लो दीडकडे खाली येते, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक बघतो. अल्टरनेटरचा किंवा सोलेनॉइडचा आवाज दोन्ही वायरवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. वायरी पीळ घातलेल्या असतात त्या याच कारणासाठी. एक वायर आणि बॉडी असती तर ब्रेकरच्या सोलेनॉइडच्या एका झटक्याने सगळा गोंधळ झाला असता. दोघे एकदम बोलायला लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याला मान, दुसरा आपणहून थांबतो आणि नंतर बोलतो.

लोडर_चंद्रपूर

काकांचं सगळं बरोबर. एक भर घालतो. आम्ही कोळशाच्या खुल्या खाणीत व्हील लोडर आणि आर्टिक्युलेटेड डंपर सांभाळतो. आमच्याकडे हा दोष आला की मी सगळ्यात आधी मधल्या सांध्याकडे जातो. मशीन दर वळणाला तिथे घडी घालतं, हार्नेस (वायरींचा जुडगा) रोज शेकडो वेळा वाकतो. वरचं इन्सुलेशन साबूत दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. सरळ उभ्या मशिनमध्ये तुटकी टोकं एकमेकांना टेकतात आणि वाचन झकास ६० येतं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं की १२०.

पोकलेनमध्ये तसा सांधा नाही. कॅनची सगळी लाईन वरच्या फिरत्या भागातच असते, ट्रॅकला खाली फक्त तेल जातं. तेव्हा तुमच्याकडे "हलणारी जागा" कुठली आहे ते शोधा. आणि लोडरवाल्यांनो, सांध्यात हात घालायच्या आधी लॉकिंग लिंक (सांधा अडकवून ठेवणारी दांडी) लावाच. इंजिन चालू असताना तिथे माणूस नको म्हणजे नको.

घाटरस्ता

मोजलं. वाचन ४० ओहम आलं. काकांच्या यादीत हा आकडाच नाही!

हार्नेस_काका

४० म्हणजे तीन रेझिस्टर. ६० ला समांतर आणखी १२० जोडला की ४० होतात. मशिनवर बाहेरून जीपीएस किंवा डिझेल मोजणारं यंत्र लावलंय का? त्या डब्यात बहुधा आतच रेझिस्टर असतो, आणि लावणारा तो बंद न करता लाईनला जोडून मोकळा होतो. डबा सोडवा आणि परत मोजा.

घाटरस्ता

अगदी तसंच निघालं. मशीन घेताना फायनान्सवाल्यांनी एक ट्रॅकर लावला होता. सीटच्या मागे सव्वा-दीड मीटर साधी सरळ वायर ओढून, मूळ वायर सोलून, वर काळी टेप. तो सोडवला, वाचन ६१. संध्याकाळपर्यंत मशीन छान चाललं, आम्ही खुश. आज सकाळी ब्रेकर लावला आणि अर्ध्या तासात परत तीच एरर.

आता ६१ आहे म्हणजे लाईन ठीक आणि शेवटी कंट्रोलरच का?

हार्नेस_काका

नाही. ट्रॅकर काढलात ते योग्यच झालं. जे-१९३९ मध्ये फांदीला जास्तीत जास्त एक मीटर मुभा आहे, आणि तीसुद्धा अशी बिनपिळाची नको. पण मला तेव्हाच वाटलं होतं की ४० ओहमने लाईन अशक्त होते, अशी पूर्ण बसत नाही.

६१ या आकड्याचा अर्थ एवढाच की उभ्या, थंड, शांत मशिनमध्ये दोन्ही टोकं जोडलेली आहेत. हाय वायर कुठे घासून बॉडीला लागत असेल तर हे वाचन त्याबद्दल अवाक्षर सांगत नाही. म्हणून आता हाय ते बॉडी आणि लो ते बॉडी असं वेगवेगळं मोजा. कट-ऑफ बंदच. किलोओहममध्ये यायला हवं आणि दोन्ही साधारण सारखे. एक खूप कमी, एक खूप जास्त असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एखाद्या कंट्रोलरचा आतला भाग भाजलाय. तसं भाजण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बॅटरी आणि कपलर न सोडवता मशिनवर केलेलं वेल्डिंग.

मग कट-ऑफ चालू, चावी चालू, इंजिन बंद ठेवून व्होल्टेज. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून हाय अडीचच्या जरा वर, लो अडीचच्या जरा खाली. दोन्ही अचूक अडीच असतील तर कोणी बोलतच नाहीये. एखादीवर शून्य असेल तर ती बॉडीला लागलीय, आणि चोवीसच्या जवळपास काही दिसलं तर सप्लायच्या वायरला.

केबिनमधून

मी ऑपरेटर आहे, बारा-तेरा वर्षं पोकलेनवर. शेठ, तुमच्या ऑपरेटरला नीट बसवून विचारा की एरर नेमकी कशात येते. आम्हाला ते माहीत असतं, पण कोणी विचारत नाही. बूम वर नेताना? फिरवून थांबवताना? लोड घेताना? सकाळी थंडीत की दुपारी तापल्यावर? पाऊस पडून गेल्यावर की पाण्याने मशीन धुतल्यावर? यातलं एक जरी पक्कं कळलं तरी फिटरचा अर्धा दिवस वाचतो.

घाटरस्ता

विचारलं दादा, आणि विचारायलाच हवं होतं असं उत्तर आलं. तो म्हणतो, बकेट लावून माती भरताना क्वचित येते, ब्रेकर दगडावर धरला की येते, आणि सकाळी स्टार्ट मारताना इंजिन गदगदतं तेव्हा एकदा मॉनिटरवर झलक दिसून जाते. बूम, स्विंग यांच्याशी संबंध नाही.

हाय ते बॉडी आणि लो ते बॉडी, दोन्ही किलोओहममध्ये आणि जवळपास सारखे. व्होल्टेजही काकांनी सांगितलं तसंच.

हार्नेस_काका

तुमच्या ऑपरेटरने जागा दाखवून दिली. स्टार्टला आणि अचानक लोडला इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डोलतं. चासी स्थिर, इंजिन हलतं. चंद्रपूरकर म्हणाले ती "हलणारी जागा" तुमच्याकडे हीच. चासीवरून इंजिनवर हार्नेस जिथे उडी घेतो तो तुकडा तपासा, फायरवॉलपासून (इंजिनच्या कप्प्याच्या आडव्या पत्र्यापासून) इंजिन कंट्रोलरच्या कपलरपर्यंत.

पद्धत अशी. कट-ऑफ बंद. मीटर कंटिन्युइटीच्या आवाजावर ठेवा, एक टोक कॅन हायला सॉकेटवर, दुसरं स्वच्छ बॉडीला. एकाने मीटरकडे कान ठेवायचा, दुसऱ्याने हार्नेस वीतभर-वीतभर पुढे जात हलवायचा, दाबायचा, पिळायचा. प्रत्येक क्लिपजवळ थांबा. मग तेच लोसाठी. त्यानंतर हाय-लो मध्ये ओहम लावून पुन्हा तोच प्रवास, ६० वरून उडी मारतो का बघायला. मीटरमध्ये मिन-मॅक्सची (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचन धरून ठेवायची) सोय असेल तर ती वापरा, कारण क्षणभराचा झटका नजरेला दिसत नाही.

दोन गोष्टी करू नका. वायरमध्ये सुई खुपसू नका. कोकणातल्या हवेत त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत आत तांबं हिरवं होतं. आणि मीटरचा जाड प्रोब मादी पिनमध्ये घालू नका, ती रुंदावते आणि मग नवाच दोष तयार होतो. मागून बारीक पिन सरकवा.

मस्कत_मराठी

वाचतोय, छान चाललंय. आमच्याकडे भाड्याची मशिनं आहेत. उन्हाने इन्सुलेशन कडक होऊन तडकतं हे आलंच, पण आखातात दिसणारं दुसरं कारण म्हणजे एसीचं पाणी. ड्रेनची नळी धुळीने तुंबते, पाणी सीटच्या मागे कंट्रोलरच्या कपलरवर ठिबकत राहतं. बाहेर पावसाचा थेंब नसतो म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसरं, सप्लाय तपासताना नुसत्या मीटरवर विसंबू नका. एकच तार शिल्लक असलेली वायरही मीटरवर २४ व्होल्ट दाखवते. कंट्रोलरच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर खरं. मात्र हा बल्ब कॅनच्या वायरींना चुकूनही लावायचा नाही.

घाटरस्ता

सापडलं!

मी मीटर धरून केबिनमध्ये, इलेक्ट्रिशियन मागे. फायरवॉलच्या क्लिपपाशी काही नाही. कंट्रोलरच्या कपलरपाशी काही नाही. इंजिनच्या मागच्या बाजूला एका ब्रॅकेटवर रबर लावलेली पट्टीची क्लिप आहे, तिथे त्याने हार्नेस खाली दाबला आणि मीटर किंचाळला. सोडला की बंद.

क्लिप उघडली. आतलं रबर झिजून पार फाटलेलं, पत्र्याची कड उघडी. वरची नालीदार नळी बाहेरून बरी दिसत होती, पण खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चीर. आत हायच्या पिवळ्या वायरचं इन्सुलेशन घासून दोन-तीन मिलिमीटर तांबं चकाकत होतं. समोर ब्रॅकेटच्या कडेलाही रंग उडून तेवढीच चकाकी. शेजारची हिरवी वायर अजून धड आहे, फक्त ओरखडा.

इंजिन लोडला डोललं की तांबं ब्रॅकेटला लागत होतं, तेवढ्यापुरती सगळ्यांची बोलती बंद. एक शंका उरते. स्पर्श क्षणभराचा असेल तर मशीन आपणहून सावरत का नव्हतं? चावी बंद-चालू का करावी लागत होती?

हार्नेस_काका

शाबास! कंट्रोलरचे पैसे वाचले.

प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजत असतो. पाठवताना होणाऱ्या चुकांची मोजणी २५५ च्या वर गेली की तो स्वतःला लाईनपासून बाजूला करतो, म्हणजे दोष त्याच्यात असला तर तो बाकीच्यांना त्रास देणार नाही. याला बस-ऑफ म्हणतात. ब्रेकर चालू असताना वायर सेकंदात अनेकदा लागून सुटते, मोजणी झरझर वर जाते. बाहेर पडलेला कंट्रोलर परत कधी यायचा हे मशीन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही थोड्या वेळाने आपणहून येतात, काहींना चावी बंद-चालू करावी लागते. तुमच्याकडे इंजिनला आरपीएमचा हुकूम मिळेना, म्हणून ते ठरवून दिलेल्या सुरक्षित वेगावर उतरत होतं.

घाटरस्ता

आता दुरुस्ती. इलेक्ट्रिशियन म्हणतो झाळून टेप मारू. चालेल?

लोडर_चंद्रपूर

भाऊ, हलणाऱ्या जागी नुसती झाळणी नको. शिसं तांब्यात चढून वायर तेवढ्यात कडक होते आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच पुढे तुटते. टेपही इंजिनच्या उष्णतेने सुटते. आतून डिंक असलेली हीट-श्रिंक लागणारे क्रिंप स्लीव्ह मिळतात, वायरच्या मापाचे घ्या, आणि दाबायला नीट क्रिंपिंग टूल वापरा, पक्कड नाही.

हार्नेस_काका

सहमत. तुमचं तांबं उघडं पडलंय, तारा किती तुटल्यात ते भिंगाखाली बघा. एकही तुटली नसेल तर वायर न कापता डिंकवाली हीट-श्रिंक पुरेल, पण त्यासाठी कपलरमधून पिन काढून ती सरकवत आणावी लागेल. तारा तुटल्या असतील तर तेवढा तुकडा कापून क्रिंप करा. हिरवी वायरही कापावी लागली तर दोन्ही जोड एकाच जागी आणू नका, थोडे मागे-पुढे ठेवा. पीळ कमीत कमी लांबी उकला आणि परत घाला. शील्डची वायर असेल तर तीही जोडून घ्या, पण तिला मध्येच बॉडीला अर्थ देऊ नका, ती एकाच ठिकाणी अर्थ असते.

क्लिप नवी, रबरासकट. आणि हार्नेसला तिथे थोडी ढील ठेवा, इंजिन डोललं तर ताण यायला नको. ब्रॅकेटची कड कानशीने गोल करून रंग मारा.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

सर, असं काम शिकायला कुठलं यंत्र आधी घ्यावं? एप्रिल २०२१ पासून चाकांच्या मशिनना सीईव्ही स्टेज ४ हे धुराचं मानक आलं, तेव्हापासून बॅकहो लोडरवरही सगळं इलेक्ट्रॉनिक झालंय, आणि आमच्या तालुक्यात हे करणारं कोणीच नाही.

हार्नेस_काका

मिन-मॅक्सवाला मल्टिमीटर, मागून सरकवायच्या पिनांचा संच आणि त्या-त्या मशिनचा वायरिंग डायग्राम. एवढ्यावर सुरुवात होते. पैसे जमले की हातात मावणारा दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) घ्या. हाय आणि लो एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब दिसायला हव्यात. एक हलतेय आणि दुसरी मेलीय हे मीटरला धड कळत नाही, स्कोपवर एका नजरेत कळतं. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर त्याच्या नंतर. इंग्रजी डायग्राम वाचायचा सराव मात्र आत्तापासून करा, कॉलेजात असतानाच.

घाटरस्ता

पाच तारा तुटल्या होत्या. कापून क्रिंप केलं, क्लिप बदलली, ढील ठेवली. जोडल्यावर वाचन ६०, हलवून-पिळूनही ६०. दिवसभर ब्रेकर चालवला, एरर नाही. फायनान्सवाल्यांच्या माणसाला फोन केलाय, ट्रॅकर आतला रेझिस्टर बंद करून आणि फांदी आखूड करूनच परत बसेल, तोपर्यंत तो फक्त सप्लायवर चालेल.

आमच्याकडे याच मॉडेलचं दुसरं मशीन साखरप्याकडे आहे, तासही जवळपास तेवढेच झालेत. उद्या त्याची तीच क्लिप उघडून बघतो.

हार्नेस_काका

बघाच. आणि क्लिप नुसती बाहेरून बघू नका, बोल्ट काढून हार्नेस उचला. झीज खालच्या अंगाला असते.